उल्हासच्या काठाने

भाईंदर आणि नायगाव यांच्यामधल्या रेल्वेपुलावरून आपल्यापैकी पुष्कळांचे अर्धे आयुष्य गेले. नोकरीसाठी जाताना सकाळी आणि घरी परतताना संध्याकाळी, गाडीच्या दारातून येणारा खाऱ्या पाण्याचा वास आपल्या ओळखीचा आहे. त्या पाण्याला आपण खाडी म्हणतो. ते समुद्राने आत पाठवलेले पाणी आहे, असे आपण मनाशी धरून चालतो. समुद्र त्यात आहेच; पण त्या खाडीत सह्याद्रीही आहे. राजमाचीच्या डोंगरांतून निघणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर आणि कल्याण अशी गावे करीत येते. ठाण्यापाशी तिला फाटा फुटतो आणि तिचा मोठा प्रवाह घोडबंदरावरून आपल्या वसईच्या खाडीत उतरतो. उगमापासून मुखापर्यंत तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. पावसाळ्यात तिचा स्वभाव किती बदलतो, हे २७ जुलै २०१९ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या दिवशी वांगणी आणि बदलापूर यांच्यामध्ये तिच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढा घातला होता आणि हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले होते.

जिच्या तोंडाशी आपण पिढ्यानपिढ्या राहिलो, ती नदी येते कुठून हे एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा मुळात माझी नव्हे. ती दादांची, माझ्या थोरल्या बंधूंची. दादांचे वय सदुसष्ट. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. शाळेतील शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, सकाळी सायकल चालवणाऱ्या आमच्या परिसरातील एका लहानशा गटात मी जाऊ लागले. दर वर्षी वसंत ऋतूत हा गट दोन दिवसांची सहल काढतो. २०२५ साली कर्जतला जायचे ठरले आणि १ व २ मार्च या तारखा नक्की झाल्या. राखेचा बुधवार पाच तारखेला होता. त्याच्या आधी सहल आटोपावी, असा सर्वांचा सोयीचा विचार होता.

दादा आणि सायकल यांचे नाते जुने आहे. आमच्या वडिलांची काळी हर्क्युलस होती. तिच्या कॅरिअरवर केळीच्या पानांचे भारे रचून ते पहाटे स्टेशन गाठीत. पुढे तीच सायकल दादांकडे आली. दांडीखालून पाय घालून सायकल कशी चालवायची, हे मला दादांनीच शिकवले. त्या काळी सायकल हे गरिबाचे वाहन होते. त्याही आधी ती श्रीमंतांची चैन होती. किर्लोस्कर या नावामागचा प्रचंड उद्योगसुद्धा १८८८ साली बेळगावात लक्ष्मणरावांनी काढलेल्या सायकलच्या एका लहान दुकानापासून सुरू झाला. सायकलने अनेक स्थित्यंतरे पाहिली. आज ती व्यायामासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची वस्तू झाली आहे. दादांच्या बाबतीत मात्र ती याहूनही वेगळी वस्तू ठरली.

सहा वर्षांपूर्वी दादांना कंपवात झाल्याचे निदान झाले. प्रथम उजव्या हाताची बोटे थरथरू लागली, मग अक्षर बारीक होत गेले, चेहऱ्यावरचे हसू मंदावले. अलीकडे त्यांची चाल अडू लागली. उंबरठ्यापाशी, दारात, वळणावर त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मन पुढे गेलेले असते आणि पाय मागे राहतात. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना हे क्षण ठाऊक असतील. रोग्याला घाई करता येत नाही, ओढून उपयोग होत नाही आणि पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो.

पण हेच दादा सायकलवर बसले की त्यांचे पाय अडत नाहीत. आम्हांला हा चमत्कार वाटला होता. डॉक्टरांनी सांगितले की, हा चमत्कार नव्हे. नेदरलँड्समधील बास ब्लूम या मज्जाविकारतज्ज्ञांनी २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात अशाच एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली होती. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या गृहस्थाला दहा वर्षांपासून कंपवात होता. चार पावले टाकणेही त्याला अवघड होते. पण तो सायकल मात्र बिनचूक चालवीत असे. सायकलचे एक पायडल खाली गेले की दुसरे आपोआप वर येते. पायाला लय बाहेरून मिळते. प्रत्येक पावलासाठी मनाला नव्याने आज्ञा द्यावी लागत नाही. धोका असतो तो चढताना, उतरताना आणि अचानक थांबावे लागले तर. म्हणून डॉक्टरांनी दोन अटी घातल्या होत्या : गर्दीच्या रस्त्यावर जायचे नाही आणि कधीही एकट्याने जायचे नाही.

या सहलीला वहिनींचा विरोध होता आणि तो सकारण होता. दादा पडले तर ते पुन्हा उभे राहायला किती महिने लागतील, याचा हिशेब त्यांच्याजवळ होता; कारण तो काळ त्यांनाच काढायचा होता. "तुम्ही दोन दिवस कौतुक कराल, बाई. नंतर रात्री त्यांची कूस कोण बदलणार?" त्यांनी मला विचारले. या प्रश्नाला उत्तर नव्हते. दादा एवढेच म्हणाले, "पुढच्या वर्षी तू मला जा म्हणालीस, तरी मला जाता येईल का?" त्यालाही उत्तर नव्हते. अखेर असे ठरले की धाकटा पुतण्या सतत दादांच्या मागे राहील, प्रत्येक थांब्यावर तोच सायकल धरील, आणि रविवारी वहिनी आगगाडीने कर्जतला येतील. गोळ्यांची डबी माझ्याकडे देण्यात आली. प्रत्येक गोळीची वेळ वहिनींनी एका कागदावर लिहून दिली होती.

आम्ही चौदा जण होतो. सर्वांत लहान दादांची दहा वर्षांची नात, सर्वांत मोठे स्वतः दादा. सायकली आदल्या रात्री टेम्पोने पाठवल्या होत्या. शनिवारी पुरते उजाडण्यापूर्वी कर्जत स्टेशनाबाहेर हवा भरून, ब्रेक तपासून आम्ही निघालो. आमच्या गटाचा एक नियम आहे : सर्वांत सावकाश चालवणाऱ्याने सर्वांत पुढे राहायचे. वेगवान माणूस पुढे गेला की रांग तुटते. सावकाश माणूस पुढे असला की रांग एकत्र राहते. त्या दिवशी पहिला मान दादांचा होता.

कोंदिवडे हे गाव कर्जतपासून बारा-चौदा किलोमीटरवर, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हासच्या काठी आहे. डांबरी रस्ता सोडून आम्ही बैलगाडीच्या जुन्या वाटेला लागलो. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला रान. मार्चच्या आरंभी या रानाची दोन रूपे एकाच वेळी दिसतात. सागाची पाने गळून वाटेवर पडलेली असतात आणि चाकाखाली पापडासारखी मोडतात. ऐनाचे खोड मगरीच्या पाठीसारखे भेगाळलेले दिसते. सगळे उघडेबोडके वाटत असतानाच मध्येच पळस पेटलेला असतो. पान एकही नाही, सारे झाड केशरी. सावरीच्या लालबुंद फुलांवर मैना आणि बुलबुल यांची झुंबड उडालेली होती. नदीकाठी मात्र झाडे हिरवी होती : करंज, जांभूळ, उंबर. त्यांच्या सावलीत शिरले की हवा एकदम गार व्हायची. कुठूनतरी तांबट पक्ष्याची टुक्-टुक् एकसारखी चालली होती. दादा म्हणाले, "हा माझ्या पायडलशी ताल धरतो आहे." पुष्कळ दिवसांनी ते काही विनोदाने बोलले.

नदी मात्र आम्हांला वाटली होती तशी नव्हती. आपली खाडी डोळ्यांसमोर ठेवून आलेल्यांना ती ओढ्यासारखी भासली. मोठमोठ्या काळ्या दगडांमध्ये पाणी डोहाडोहांनी थांबलेले होते, आणि एका डोहातून दुसऱ्यात मनगटाएवढी धार जात होती. दादांची नात म्हणाली, "आजोबा, हीच ती? मग आपल्याकडचे एवढे पाणी कुठून येते?" दादांनी तिला सांगितले, की नदी एकटी वाढत नाही, पेज, पोशीर, शिलार, बारवी, काळू, भातसा अशा कितीतरी जणी तिला वाटेत येऊन मिळतात.

पुढे एका वळणावर वाट संपली. वाट म्हणजे पायाखालची माती पुढेही जात होती, पण तिच्यावर लोखंडी फाटक आले होते. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, दोन्ही बाजूंना तारेचे कुंपण. आत नव्याने बांधलेला बंगला आणि हिरवळ. कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांत नदीकाठच्या जमिनींना आता मुंबईकरांकडून मागणी आहे. जागोजाग असे बंगले उठले आहेत. आम्हांला उतरून, सायकली खांद्यावर घेऊन, नदीच्या पात्रातून वळसा घालून पलीकडे जाणे भाग होते. अंतर असेल शंभर पावलांचे.

दादांसाठी मात्र तेच अंतर सर्वांत लांब होते. पुतण्याने त्यांना सायकलवरून उतरवले. पात्राकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी दादांचे पाय थांबले. दोन मिनिटे गेली, चार मिनिटे गेली. कुणी बोलत नव्हते. सर्वांच्या नजरा आपल्यावर आहेत हे जाणवले की त्यांचे पाय अधिकच घट्ट होतात, हे मला माहीत होते. म्हणून मी इतरांना पुढे व्हायला सांगितले. गोळीला अजून तास होता. दादांच्या कपाळावर घाम जमला होता. पुतण्याने त्यांना पाठीवर घेण्याची तयारी केली. दादांनी मान हलवून नाही म्हटले. मला त्या वेळी वहिनींचा चेहरा दिसू लागला.

तेव्हा नातीने एक गोष्ट केली. घरी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दिवाणखान्याच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. पट्टी दिसली की ती ओलांडण्यासाठी पाय उचलला जातो. डोळ्यांना खूण मिळाली की अडलेली चाल सुटते. कंपवाताच्या रुग्णांसाठी हा उपाय सर्वत्र वापरतात. पोरीने ते रोज पाहिले होते. तिने सागाची मोठी, वाळलेली पाने गोळा केली आणि दादांच्या पावलांपुढे एकेक हात अंतरावर ती मांडीत उताराच्या खालपर्यंत गेली. प्रत्येक पानावर तिने एकेक खडा ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मग ती खालून ओरडली, "आजोबा, पानावर पाय द्यायचा नाही हं!"

दादांनी पहिल्या पानाकडे पाहिले. पाय उचलला. पान ओलांडले. मग दुसरे, मग तिसरे. पुतण्या बाजूने चालत होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. नात मागची पाने उचलून पुढे नेऊन मांडीत होती. अशा रीतीने शंभर पावलांची ती वाट त्यांनी वीस-पंचवीस मिनिटांत पुरी केली. पलीकडे आमची मंडळी एका उंबराखाली शांतपणे बसली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. दादा सायकलवर बसले, पुतण्याने मागून हलकेच रेटा दिला, आणि ते पुन्हा सर्वांच्या पुढे चालू लागले.

दुपारी तरुण मंडळी कोंढाण्याची लेणी पाहायला डोंगर चढून गेली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ही बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख कोरलेला आहे : कान्ह याचा शिष्य बालक याने हे काम केले. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर, आणि त्याने स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव घातले. परत आलेल्या मुलांनी ही हकिकत सांगितली, तेव्हा दादांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या बाबतीत गुरू आणि शिष्य यांचा क्रम उलटा झाला होता, एवढेच.

रविवारी वहिनी पहिल्या गाडीने आल्या. त्यांना एका रिक्षात बसवून आम्ही भिवपुरी कॅम्पकडे, पेज नदीच्या बाजूला निघालो. येथे पाहतो तर वेगळीच नदी. मार्च महिना असूनही पाणी भरून, खळखळत चाललेले. कालव्याच्या दोन्ही अंगांना उन्हाळी भाताची कोवळी हिरवी खाचरे. कर्जतच्या भातसंशोधन केंद्राच्या नावाची वाणे आपल्या शेतकऱ्यांनाही परिचित आहेत. पण मार्चमध्ये अशी खाचरे पाहून आमच्यातले शेतकरी चकित झाले.

या पाण्याची कथा मोठी विलक्षण आहे. घाटमाथ्यावर, पलीकडच्या मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते. इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे त्या खोऱ्यात पडलेला पाऊस पूर्वसमुद्राचा. १९२२ साली टाटांच्या वीज कंपनीने आंध्रेवर ठोकरवाडीचे धरण बांधले, तिचे पाणी डोंगरातून पश्चिमेकडे आणून भिवपुरीच्या वीजगृहावर सोडले. वीज मुंबईला गेली. जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पेजेत आले. त्यावर राजनाला हा कालवा निघाला आणि कर्जतच्या कोरड्या उन्हाळ्यात भात पिकू लागले. उरलेले पाणी पेजेतून उल्हासमध्ये आणि अखेर आपल्याकडे येते. पूर्वसमुद्राच्या वाटेवरचा पाऊस पश्चिमसमुद्राला मिळतो. माणसाने हे सुकृत फुकट केले नाही. धरणांखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याच वर्षांत मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला होता. एकाच्या हिरव्या खाचरामागे दुसऱ्याचे बुडालेले घर असते, हे कालव्याच्या काठावर उभे राहून विसरता कामा नये.

कालव्याकडेची वाट सपाट होती. दादा पुढे, त्यांच्या मागे नात, मग पुतण्या. वहिनींची रिक्षा रस्त्याने समांतर चालली होती. एके ठिकाणी त्यांनी ती थांबवायला सांगितली आणि त्या उतरून उभ्या राहिल्या. दादा त्यांच्या समोरून गेले. त्यांची पाठ ताठ होती, पाय एका लयीत फिरत होते, वाऱ्याने सदरा फुगला होता. घरात भिंत धरून चालणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, असे परक्याला सांगूनही पटले नसते. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पडतील ही भीती मला अजून आहे. पण आता ती एकटी नाही." त्यांनी कागद मागून घेतला आणि दहाच्या गोळीपुढे स्वतःच्या हाताने खूण केली.

दुपारी तरुण मुले पळसदरीवरून सायकलने खोपोलीला गेली. आम्ही मोठी माणसे लोकलने. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी ही लहान लहान स्टेशने. पळसदरी आपल्या नावाला अजून जागते. रुळांच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेले होते. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, पण बोरघाट १८६३ पर्यंत खुला झाला नव्हता. तोवर प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने किंवा तट्टावरून खंडाळ्याला चढत. खालापूर तालुक्यातील या गावातही १९१५ सालापासून टाटांचे वीजगृह आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी तेथून पाताळगंगेत उतरते आणि धरमतरच्या खाडीला जाते. खोपोलीच्या स्टेशनात उतरताना फलाट आणि डबा यांच्यामधली फट पाहून दादांचे पाय पुन्हा अडले. या वेळी वहिनींनी आपली चप्पल काढून फटीच्या पलीकडे ठेवली. दादांनी ती ओलांडली.

आता त्या फाटकाविषयी. कोंदिवड्याच्या बाजूला भेटलेल्या ठाकर मंडळींकडून कळले की, ती वाट त्यांच्या वहिवाटीची होती. गुरे पाण्यावर न्यायला, मोहाची फुले वेचायला, पळसाची पाने आणायला ते तिनेच जात. आम्हांला एकदा वळसा पडला, त्यांना तो रोज पडतो. अशा प्रसंगी सामान्य माणूस हात जोडून गप्प बसतो. वास्तविक १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम याचसाठी आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो आणि तहसीलदार अडथळा काढण्याचा हुकूम देऊ शकतो. आमच्या गटातील एका निवृत्त कारकुनाने त्या मंडळींना अर्जाचा मसुदा तेथेच, उंबराखाली बसून लिहून दिला. आपल्याकडेही बावखलांच्या आणि वाड्यांच्या जुन्या पायवाटांवर फाटके येत आहेत. वाचकांनी ही मुदत ध्यानात ठेवावी. वाट बंद झाल्याची हळहळ सहा महिने टिकते, पण तहसीलदाराकडे असा दावा करण्याची मुदत तेवढ्यात संपून जाते.

दादांनी एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर १२२ हा आकडा लिहिला आहे, आणि त्याखाली कोंदिवडे ते कर्जत एवढे अंतर वजा केले आहे. त्यांचे अक्षर आता इतके बारीक झाले आहे की वाचायला भिंग लागते. पण वजाबाकी बरोबर आहे. पुढचा टप्पा कर्जत ते नेरळ, पावसाळा संपून वाटा वाळल्यावर. एवढे सगळे टप्पे पुरे होतील का, हे मी त्यांना विचारत नाही, वहिनीही विचारत नाहीत. नेरळच्या टप्प्यासाठी गोळ्यांच्या वेळांचा नवा कागद मात्र वहिनींनी तयार करून ठेवला आहे, आणि नातीने सागाची पाने वहीत दाबून ठेवली आहेत. तिकडे साग नसले तर असावीत म्हणून.